खळ्या कोणावर गुरगुरतो

खळ्या फक्त सासरच्यांवर गुरगुरतो, हे एव्हाना दोन्हीकडच्यांनी मान्य केलं होतं. त्याचा अर्थ काय लावायचा, एवढाच वाद उरला होता.

माहेरचा अर्थ, म्हणजे सुनेच्या वडिलांचा एकट्याचा, कारण माहेरी आता तेवढंच माणूस शिल्लक होतं, असा की कुत्र्याला पोटातल्या जिवाची चाहूल लागली आहे आणि तो राखण करतो आहे. सासरचं म्हणणं असं की राखणच करायची तर ती नेमकी कोणापासून? नणंदेने हा प्रश्न फोनवर भावाला विचारला होता आणि भाऊ, नेहमीसारखाच, ‘बघू’ म्हणाला होता.

गेल्या आठवड्यात ‘बघू’ची मुदत संपली. सून दुपारची जमिनीवर गादी टाकून झोपली होती, पायाशी तिच्याकडे तोंड करून खळ्या. भेटायला आलेल्या सासूबाई तिच्या अंगावर चादर ओढायला मागून वाकल्या आणि खळ्याने त्यांचा घोटा धरला. सासूबाई नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी अख्खं घर, पोटची दोन्ही मुलंसुद्धा, पाठीमागे त्यांना मेट्रनबाईच म्हणत. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी स्वतःच जखम धुतली, स्वतःच पट्टी बांधली, इंजेक्शन घ्यायलाही स्वतःच गेल्या. मुलगा दातांच्या कवळ्या बनवतो. संध्याकाळी त्याने आईचा घोटा दिव्याखाली धरून निरखला आणि कुत्र्याचा वरचा डावा सुळा झिजलाय, म्हणून त्या बाजूला नुसता वळ आहे, असं निदान केलं. त्यावर आईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने एके काळी शिकाऊ नर्स रडत असत.

मग त्या एवढंच म्हणाल्या, की बाळंतपणाला मी येणार हे ठरलेलं आहे, ते मी मोडत नाही. पण या घरात एक तर मी, नाही तर तो.

म्हणून या रविवारी सगळे जमले होते ते दोन कामांसाठी. एक, पुस्तकांची लहान खोली रिकामी करून ती बाळासाठी लावायची. दुसरं, संध्याकाळी निघताना सुनेच्या वडिलांनी खळ्याला सोबत न्यायचं. पहिल्या कामाबद्दल सकाळपासून भरपूर बोलणं चाललं होतं. दुसऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. दाराशी त्याचं भांडं, पट्टा आणि जुनी गोधडी एका पिशवीत भरून ठेवली होती आणि येणारा-जाणारा तिला वळसा घालून जात होता.

सुनेला काम नव्हतं. तिला खुर्चीवर बसवून ‘हे ठेवायचं की द्यायचं’ एवढंच विचारलं जात होतं. सातव्या महिन्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवून ती दर खेपेला ‘ठेवायचं’ म्हणत होती.

ती पुस्तकं बांधते. वाचनालयं आपली फाटकी, उसवलेली पुस्तकं तिच्या कारखान्यात पाठवतात. ती त्यांची पानं उसवून पुन्हा शिवते, पाठीला कापड लावते, पुठ्ठा घालते. पण काही पुस्तकं न्यायला परत कोणी येतच नाही. वाचनालय बंद पडतं, ग्रंथपाल बदलतो, लोक विसरतात. अशी सोडून दिलेली पुस्तकं तिच्याने टाकवत नाहीत, आणि मग ती घरी येतात. लहान खोलीत घोड्यांच्या आजारांवर एक जाडजूड ग्रंथ होता, कुठल्याशा भूगोलाचा फक्त दुसरा खंड होता, बंद पडलेल्या बोटींची वेळापत्रकं होती आणि कादंबऱ्या तर मोजदाद नाही इतक्या.

“तुमच्याकडे घोडा आहे का गं?” घोड्यांचा ग्रंथ दोन्ही हातांत तोलत नणंदेने विचारलं. नणंद शाळेत गणित शिकवते आणि घरातही तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर लागतं.

“अजून नाही, ताई.”

“मग द्यायचं?”

“ठेवायचं.”

खळ्याही असाच आलेला. कारखान्याच्या मागच्या दाराशी कोणीतरी सोडून दिलेलं पिल्लू. आत शिरलं ते थेट पिठाच्या खळीच्या डब्यात तोंड घालून बसलं, म्हणून त्याचं नाव खळ्या. आता तो म्हातारा झाला होता, तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते, पण सवयी त्याच होत्या. संध्याकाळी ती कारखान्यातून आली, पाय लांब करून बसली, की हा येऊन तिच्या बरगडीला डोकं टेकायचा आणि ती त्याला वाचून दाखवायची. ही सवय कामातूनच लागलेली. पुस्तक शिवण्याआधी सोळा-सोळा पानांचे फर्मे क्रमाने लागलेत ना, हे बघायला ती एका फर्म्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ मोठ्याने वाचते. तेव्हा हे पिल्लू कामाच्या टेबलाखाली पायाला चिकटून बसायचं. पुढे ती ओळींवरून पानांवर आली, पानांवरून अख्ख्या पुस्तकांवर. नवऱ्याला वाचनाचा कंटाळा. मांजर, तीनरंगी ठिगळी, पुस्तकं फक्त बसायला वापरणारी. त्यामुळे या घरात श्रोता म्हणावा तर एकटा खळ्या. आणि आता गेले काही महिने ती दोघांना वाचून दाखवत होती, एक बाहेरचा आणि एक आतलं.

त्याला वडिलांकडे पाठवायचं म्हणजे काही वाईट जागी पाठवायचं नव्हतं. वडील बूट बनवतात, एकटेच राहतात, जीव लावतील. पण वडील वाचून दाखवणाऱ्यांतले नव्हते.

आणि मेट्रनबाईंना नको म्हणणंही तिला जमणार नव्हतं. आई गेली तेव्हा ती लहान होती. पोटात उचक्यांसारखं काहीतरी टकटक वाजायला लागलं, त्या दिवशी विचारायला तिला एकच माणूस आठवलं. ‘उचक्याच आहेत,’ सासूबाई फोनवर म्हणाल्या आणि फोन ठेवला. तेव्हापासून ती दर आठवड्याला काही ना काही विचारत होती. आता त्याला नखं आली असतील का? आली. डोळे उघडतं का? उघडतं, पण बघण्यासारखं आत काही नसतं. या बाईने हजारो मुलं पहिली अंघोळ घालून आईच्या हातात दिली होती. आपलं मूल पहिल्यांदा त्या हातांत असावं, असं सुनेला मनापासून वाटत होतं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पिशवी दाराशी आणखी आधी आली असती.

*

मेट्रनबाई लहान खोलीत खाली बसून कादंबऱ्या खोक्यात भरत होत्या. समोर दाराच्या चौकटीत खळ्या त्यांच्याकडे पाठ करून झोपला होता. त्याला उठवायचं नाही आणि त्याच्या जवळून जायचं नाही, अशी ताकीद मुलाने आईला दिली होती. म्हणजे पाऊण तास झाला, त्या खोलीतच अडकल्या होत्या. हे बोलून दाखवायला त्या तयार नव्हत्या.

दारावरची घंटा वाजली. जुन्या पद्धतीची, कर्कश. ठिगळी कपाटावरून दचकून खाली उडाली. खळ्या झोपलेलाच राहिला.

बाहेर सुनेचे वडील आले होते. बूटवाले आडव्या अंगाचे, टाच आधी आणि जोरात टेकवणारे. घरात बूट काढून नुसत्या मोज्यांनी चालले तरी कपाटातली भांडी किणकिणतात. ते बैठकीच्या खोलीतून आले, या जुन्या इमारतीच्या लाकडी फळ्या त्यांच्या पावलांनी धडधडल्या, आणि ते नजरेच्या टप्प्यात येण्याआधीच खळ्याने शेपूट आपटायला सुरुवात केली.

मेट्रनबाईंनी हातातली कादंबरी खोक्यात ठेवली नाही. तशीच मांडीवर धरली.

बूटवाले कुत्र्याचं डोकं खाजवून, विहीणबाईंना लांबूनच नमस्कार करून आत गेले. खळ्या पुन्हा झोपला. मेट्रनबाईंनी पाच-दहा मिनिटं जाऊ दिली. मग शेजारी पडलेली चहाची कपबशी घेतली आणि चमच्याने बशीवर टण्ण करून मारलं. ठिगळीचे दोन्ही कान वळले. खळ्याचा एकही केस हलला नाही. त्यांनी पुन्हा मारलं, जरा जवळून. नवजात बाळांच्या वॉर्डात त्या अशीच लहानशी घंटा पाळण्यामागे वाजवायच्या आणि बाळाच्या पापण्यांकडे बघायच्या. काही बाळांच्या पापण्या हलायच्या नाहीत. तेव्हा काय वाटायचं ते त्यांना आठवलं, आणि या कुत्र्याबद्दल तसं वाटून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

तिसऱ्यांदा त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि तळहाताने फळीवर एक थाप मारली. खळ्याने डोकं वर करून शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं. गुरगुरला नाही. तुम्ही होय, असं म्हटल्यासारखं बघून त्याने पुन्हा डोकं टेकलं.

त्या तिथेच बसून राहिल्या. आत टेबलावर ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. चाळीस वर्षं रबरी तळव्याचे बूट. रात्रपाळीत पंचवीस खाटांमधून फिरायचं आणि एकाचीही झोप मोडायची नाही, ही नोकरीतली पहिली शिकवण. त्या हल्ली कधीही कुठेही गेल्या तरी लोक म्हणायचे, अगंबाई, तुम्ही कधी आलात?

*

जेवताना नणंदेने विषयाला हात घातला, कारण कोणीतरी घालायलाच हवा होता. वहिनीचे बाबा संध्याकाळी किती वाजता निघणार, कुत्रा गाडीत बसतो का, असं तिने व्यवहाराचं विचारलं. बूटवाले म्हणाले, बसतो. नवरा म्हणाला, खिडकीशी बसवलं तर बसतो.  सून भाताची शितं एका ओळीत लावत होती.

नणंदेला वहिनीचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण तिचीही एक अडचण होती, जी ती टेबलावर मांडू शकत नव्हती. आईने इथे यायचं रद्द केलं, तर आई तिच्याकडे राहायला येणार. आईवर तिचा जीव होता. पण आई घरात असली की ती मुलांना ओरडतानासुद्धा कुजबुजायची. कुत्रा गेला तर आई इथे राहील. हिशेब साधा होता.

“कुत्रा बहिरा आहे,” मेट्रनबाई म्हणाल्या.

 त्यांनी घंटेचं सांगितलं, बशीचं सांगितलं, फळीवरच्या थापेचं सांगितलं. वॉर्डातला अहवाल द्यावा तसं, एकेक वाक्य, आवाज न चढवता. तो सासर-माहेर बघत नाही, म्हणाल्या. ज्याची पावलं त्याला जमिनीतून कळतात त्याच्यावर तो गुरगुरत नाही. ज्याची कळत नाहीत तो माणूस त्याच्यासाठी एकदम आभाळातून पडतो.

“म्हणजे मी, ताई आणि तू,” नवरा म्हणाला. बायकोच्या कुत्र्याने आपल्यावर गुरगुरणं त्याने संसाराचा भाग म्हणून स्वीकारलेलं होतं. यामागे काही कारण असू शकेल, हे त्याला नवीनच होतं.

“काहीतरीच,” सून म्हणाली. “मी हाक मारली की येतो तो.”

“हाक कशी मारतेस?”

 ती ‘ये रे’ म्हणते आणि शेजारच्या फळीवर हात आपटते. नेहमीच.

पण ती सोडायला तयार नव्हती. ठिगळीचं काय, तिने विचारलं. मांजराची पावलं तर कोणालाच कळत नाहीत. तिच्यावर का नाही गुरगुरत? हा मुद्दा बिनतोड होता. बूटवाल्यांनी मान डोलावली, आणि नणंदेचे डोळे चमकले, कारण उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न तिला जेवणापेक्षा आवडतो. एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नसतं, ती म्हणाली, आणि ताट अर्धवट टाकून उठली.

पुढचा अर्धा तास त्या घरात जे चाललं ते बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर त्याने शहाण्या माणसांचं घर म्हटलं नसतं. खळ्याला गॅलरीकडे तोंड करून त्याच्या गोधडीवर झोपू दिलं. ती गोधडी पिशवीतून बाहेर काढावी लागली आणि काढताना नवरा व बायको एकमेकांकडे बघेनात. मग नणंदेने एकेकाला मागून पाठवलं, तीन पावलांवर थांबायचं या अटीवर. बूटवाले अनवाणी: शेपूट. बूटवाले, चवड्यांवर, श्वास रोखून: आधी काहीच नाही, मग तोल जाऊन हात भिंतीवर आपटला तेव्हा दचकून गुरगुर. त्यांना भारी लागलं ते. जन्मात पहिल्यांदा खळ्या त्यांच्यावर गुरगुरला होता. नवरा, नेहमीसारखा: गुरगुर. नवरा, पाय आपटत: शेपूट नाही, पण गुरगुरही नाही, आणि एवढ्यावरच तो इतका खूश झाला की आणखी दोनदा जाऊन आला. शेवटी ठिगळीला उचलून अलगद मागे सोडलं. ती दोन पावलं गेली, तिची शेपटी खळ्याच्या पाठीला लागली, आणि खळ्याने उसळून तिच्यावर दात काढले. मग ती आहे हे बघितलं आणि ओशाळा होऊन तिचा कान चाटला.

“एरवी ती कायम त्याच्या नाकासमोरून येते,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मी सकाळपासून बघते आहे.”

इशारा द्यायला हातात घेतलेला टॉवेल नणंदेने खाली ठेवला. सिद्ध झालं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद नव्हता.

“आई, तू रात्रपाळी करून सकाळी झोपायचीस,” ती म्हणाली. “आठवतंय? मी सहा वर्षांची, हा तीन वर्षांचा. आम्ही शाळेत जायची तयारी करायचो ती बाहुल्यांसारखी. तू आम्हाला चालायला नाही शिकवलंस. ऐकू न येता चालायला शिकवलंस. मी अजून वर्गात जाते तेव्हा पोरांना कळत नाही मी आले म्हणून.”

“त्यांची कॉपी पकडायला बरं ना मग,” नवरा म्हणाला.

ती हसली, पण पुढे बोलली ते आईकडे बघूनच. कुत्र्याला कशाला पाठवायचं? तो त्याच्या परीने बरोबर वागतोय. बदलायचं तर आपण बदलायचं. एवढं बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपला साधा हिशेब आपणच पुसून टाकला.

मेट्रनबाईंनी सुनेकडे वळून पाहिलं. तोवर सुनेची खुर्ची रिकामी झाली होती.

*

सून लहान खोलीत, भरलेल्या खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. मांडीवर एक कादंबरी उघडी होती, तिची आणि खळ्याची निम्मी वाचून झालेली. मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि अर्थातच तिला कळलं नाही. त्या खोकल्या.

“किती दिवसांपासून असेल?” तिने वर न बघता विचारलं.

सांगता येत नाही, त्या म्हणाल्या. हळूहळू जातं. वर्ष असेल, जास्तही असेल.

वर्ष म्हणजे केवढी पुस्तकं, ते सून मनात जुळवत असावी. गोष्टीत घाबरवणाऱ्या जागा आल्या की तो मान वर करायचा. ती थांबली की बघायचा, पुढे काय म्हणून. निदान तिला तसं वाटायचं. पुस्तक आपल्याला आवडलं की नाही, हेसुद्धा ती त्याच्या चेहऱ्यावरून ठरवत आली होती.

“मग तो येऊन का बसायचा, आई? काहीच ऐकू येत नव्हतं तर रोज येऊन का बसायचा?”

मेट्रनबाईंना मनाच्या गोष्टी बोलता येत नाहीत. हे त्या स्वतःच सांगतात आणि खोटं नाही ते. पण प्रश्न त्यांनाही पडला होता. तिच्याइतकंच कुतूहल त्यांना होतं. चाळीस वर्षांत ते विझलं नव्हतं. त्या गुडघ्यांना सांभाळत सुनेच्या मागे बसल्या आणि तळहात तिच्या पाठीवर, बरगडीवर, सपाट टेकवला. जिथे खळ्याचं डोकं असायचं, नेमकं तिथे.

“वाच,” त्या म्हणाल्या.

तिने वाचलं.  कादंबरीतला माणूस कुठल्यातरी बेटावर दिवा लावायला निघाला होता. मेट्रनबाईंनी डोळे मिटले. शब्द त्यांनी ऐकले नाहीत. हाताखाली बरगड्यांचा पिंजरा गुणगुणत होता, स्वल्पविरामाशी थांबत होता, वाक्य लांबलं की खोल जात होता.

“येतं इथे,” त्या म्हणाल्या. “सगळं येतं. तू थांबलीस तेही येतं.”

सून वळून बघायला लागली, तशी त्यांनी हात काढला नाही, फक्त पुढचं बोलून टाकलं. आतल्याला मात्र आता ऐकू येतं. त्याला शब्द कळत नाहीत, आवाज कळतो. म्हणजे त्याच्यासाठी वाचायचं थांबवायचं कारण नाही.

मग त्यांचा आवाज पुन्हा वॉर्डातला झाला. हे बघ, मी तुला गोड सांगणार नाही. बहिरा कुत्रा आणि तान्हं मूल ही जोखीम आहे. या खोलीला कमरेएवढं फाटक लागेल, ते तुझा नवरा आजच्या आज मोजून घेईल. बाळ आणि कुत्रा एका खोलीत एकटे कधीही नाही, पाणी प्यायला उठायचं असलं तरी नाही. बाळाला जमिनीवर झोपवायचं नाही. आणि या घरात जो येईल-जाईल त्याने पाय वाजवायचा. एक जण जरी विसरला तर मी स्वतः त्या कुत्र्याला तुझ्या वडिलांकडे पोचवून येईन.

“आणि तुम्ही?” सुनेने विचारलं. तिला खरं तर ‘तुम्ही याल ना’ असं विचारायचं होतं.

मेट्रनबाई उठल्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी पाय आपटत चालून पाहिलं. निदान त्यांचा हेतू तसा होता. पाय वर जात होता पुष्कळ, पण खाली येताना चवडा आधी टेकायचा, मग टाच अशी अलगद उतरायची, जणू खाली कोणी झोपलंय. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीत त्या थांबल्या आणि गुडघ्याला हात लावला.

“मला येत नाहीये,” त्या म्हणाल्या. सुनेने त्यांच्या तोंडून हे वाक्य याआधी कधी ऐकलं नव्हतं.

*

तोडगा बूटवाल्यांनी काढला. त्यांच्या धंद्यातलाच होता. विहीणबाईंचे पाय नाही ना वाजत, तर बूट वाजू देत. चामड्याचा कडक तळवा, टाच लाकडाची, खाली लोखंडी पट्टी. चवडा कितीही अलगद टेकवा, टाच बोलल्याशिवाय राहायची नाही.

मेट्रनबाईंना बैठकीच्या खोलीतल्या लांब बाकावर बसवलं गेलं. त्या बसल्या त्या तपासणीला आल्यासारख्या, पाठ ताठ, पदर आवरून. आजवर इतरांचे पाय त्यांनी पुष्कळ हाताळले होते. त्यांचा पाय मात्र कोणी हातात घेतला नव्हता, गेल्या आठवड्यात घोटा घेतला तो वगळता. खळ्या बाकाखाली जाऊन झोपला होता, त्यांच्या डाव्या पायाला अंग टेकून. कोणी त्याला हलवलं नाही. मेट्रनबाई त्याच्याकडे बघत होत्या आणि पाय काढून घेत नव्हत्या.

टाचेवरून आता पुन्हा मतभेद झाले. किती उंच? नणंद म्हणाली बोटभर, म्हणजे शेजारच्या खोलीत कळेल. नवरा म्हणाला, खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करायला हवा. सून म्हणाली, रात्री बाळ झोपल्यावर? त्यावर सगळे विचारात पडले, कारण एकाला उठवू नये म्हणून आणि एकाला कळावं म्हणून एकाच पायाने कसं चालायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

“बाळ आवाजाने नाही उठत,” मेट्रनबाई म्हणाल्या. “शांततेने उठतं. आत केवढा गोंगाट असतो, तुम्हाला कल्पना नाही.”

“मग वॉर्डात इतकी वर्षं कशाला—” नणंदेने सुरुवात केली.

“तो बाळांचा वॉर्ड नंतर मिळाला. तोवर पाय तसे झाले होते.”

बूटवाल्यांनी खाली कागद पसरला, त्यावर विहीणबाईंचा मोकळा उजवा पाय ठेवला आणि गुडघ्यावर बसून त्याभोवती पेन्सिल फिरवायला घेतली. टाचेपासून निघाले. बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत आले. सगळे माना पुढे करून बघत होते. या पायाचा आकार कसा निघतो हे बघण्याची प्रत्येकाला का कोण जाणे मोठी उत्सुकता होती. पेन्सिल अंगठ्याला वळसा घालून आत शिरली, तळव्याच्या पोकळ भागाशी आली, आणि बूटवाल्यांच्या हाताखालचा पाय थरथरला.

“दुखलं का?” त्यांनी विचारलं.

मेट्रनबाईंनी मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले. सुनेला वाटलं, रडताहेत. मुलगा पुढे झाला. तोंडातून काही आवाज नव्हता, श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. फक्त खांदे हलत होते, मग पाठ, मग सगळं अंग.

बाकाखाली खळ्या जागा झाला. त्याने डोकं वर केलं, कान नव्हे, नुसतं डोकं, आणि बाकाच्या पायाला नाक लावून बघितलं. मग तो बाहेर आला, त्यांच्यासमोर बसला आणि मान एका बाजूला कलती करून, अगदी लक्षपूर्वक, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

“अगं, आई हसतेय,” नणंद म्हणाली.

“पेन्सिल थांबवा,” मेट्रनबाई कशाबशा म्हणाल्या. बूटवाल्यांना अर्धा पाय काढून थांबता येत नव्हतं.